नऊ लुगड्यांची एक वाकळ

मंडळी, तुमच्या घरात माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक नक्की असेल. तिच्यात आईची नाहीतर आजीची लुगडी घडी घालून ठेवलेली असतील. नेसणारे माणूस गेले, पण लुगडी टाकवत नाहीत. आणि मग एक दिवस दारात भांडीवाली येते.

आमच्या दारात ती गेल्या उन्हाळ्यात आली. आई जाऊन वर्ष होऊन गेले होते. ट्रंकेत तिची नऊ लुगडी होती, सगळी सुती. भांडीवालीने ती एकेक उलगडून बघितली, उन्हाला धरली आणि म्हणाली, "नऊ लुगड्यांचं एक पातेलं देते, वर झाकणी." मी म्हटले देऊन टाका, ट्रंक तरी मोकळी होईल. व्यवहार बरा वाटला. भांडीवालीचेही पोट त्यावरच आहे, तिची काही चूक नाही.

पण आमच्या मंडळींनी लुगड्यांवर हात ठेवला. "आत्याबाईंची लुगडी आहेत. पातेलं बाजारात मिळतं. ह्याची वाकळ शिवू." मी विचारले, शिवणार कोण? कारण खरे सांगायचे तर वाकळ शिवायची ती आईच. घरातल्या दुसऱ्या कुणाला ते पुरते येत नव्हते. शेवटी ऐंशीच्या घरातल्या आमच्या काकींना गाठले. डोळ्यांना दिसत कमी, पण हाताला सगळे पाठ. त्या म्हणाल्या, "मला दोरा ओवता येत न्हाई बाळ, बाकी समदं येतं."

त्या उन्हाळ्यात आठ फूट बाय सात फुटांची वाकळ आमच्या घरी झाली. ती कशी झाली, किती कापड आणि किती दोरा लागला, कुठे चुकले, हे सगळे सांगतो. कारण अशा काकी प्रत्येक गावात आता हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

नाव वेगळे, वस्तू एकच

आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूर भागात वाकळ म्हणतात, इतरत्र गोधडी. तान्ह्या पोराची लहान ती दुपटे. शेजारी कर्नाटकात कौदी, तिथल्याच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी लोकांची कवंदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. जुने कापड थरावर थर घालायचे आणि धावदोऱ्याने एकजीव करायचे, एवढीच सगळ्यांची मूळ कल्पना.

ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाच्या गाडीत भांड्यांबरोबर वाकळ असतेच. गाडगेबाबांच्या अंगावर ठिगळांची गोधडी असे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. घटस्थापनेच्या आधी घरातली झाडून सगळी पांघरुणे ओढ्यावर नेऊन धुण्याची चाल अजून पुष्कळ गावांत आहे.

मग वाकळ मागे का पडली? चादरी आणि ब्लँकेटे स्वस्त झाली, हे एक कारण. पण दुसरे कारण जास्त खोल आहे. वाकळीचे कापड म्हणजे सुती लुगडे, धोतर आणि पटका. ते नेसणारी पिढी संपत आली. घरातल्या आजच्या साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. त्या घाम टिपत नाहीत आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतात. म्हणजे मंडळी, तुमच्या ट्रंकेतली लुगडी ही कदाचित तुमच्या घरातल्या वाकळीची शेवटची कापडे आहेत. भांडीवालीला हो म्हणण्याआधी एवढा विचार करा.

आधी कापड पारखा

सगळी कापडे धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. नवा खण किंवा ब्लाउजपीस वापरणार असाल तर तोही आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्याला तो आटतो आणि भोवतीचे कापड चुण्या धरते.

सुती कोणते याची शंका आली तर कडेचा एक धागा काढून ताटलीत काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची टणक गुठळी होते. गुठळी झाली की ते कापड बाजूला.

रंगाची परीक्षा तर चुकवूच नका. लाल आणि गडद निळे कापड पांढऱ्या फडक्याबरोबर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा पुन्हा धुवा. तरीही रंग जातच राहिला तर त्याचा मोह सोडा. आमचा एक लाल खण असाच सोडावा लागला.

मग लुगडे उन्हाला धरा. बसण्याच्या जागी ते विरलेले असते, तिथून उजेड दिसतो. आईच्या तीन लुगड्यांना तर आधीच दंड घातलेला होता. म्हणजे मधला विरलेला भाग काढून दोन धड तुकडे तिने जोडले होते. विरलेले कापड आतल्या थराला आणि धड कापड वरच्या बाजूला, अशी वाटणी करा.

मापाचा हिशेब

वाकळ मोठी आणि वरची नक्षी गुंतागुंतीची असेल तर अंदाजपंचे चालत नाही. आम्ही वहीच्या चौकटीच्या कागदावर आधी नकाशा काढला. तो असा:

एक फूट बाय एक फूट असे चौकोन आडवे सहा आणि उभे सात, एकूण ४२. चारी बाजूंनी सहा इंचांची किनार. झाली आठ फूट बाय सात फूट. दोन मोठी माणसे आणि मध्ये एक पोर निवांत झोपेल.

प्रत्येक चौकोनात कागदी भिरभिऱ्याची नक्षी. सहा-सहा इंचांचे चार तुकडे, प्रत्येक तुकडा अर्धा गडद आणि अर्धा फिका. ४२ चौकोनांना असे १६८ तुकडे लागतात आणि त्यांच्यात त्रिकोण होतात ३३६. आकडा ऐकून घाबरू नका, त्याची युक्ती पुढे आहे.

कापड किती? वरच्या थरासाठी सात इंची चौकोन गडद ८४ आणि फिके ८४. पंचेचाळीस इंच पन्ह्यात एका ओळीला सहा चौकोन बसतात. म्हणजे गडद कापड साधारण नऊ फूट आणि फिके नऊ फूट. ते एकाच लुगड्यातले असायला हवे असे नाही. उलट चार ठिकाणचे असेल तर शोभा वाढते. आम्ही आईच्या हिरव्या आणि जांभळ्या लुगड्यांत वडिलांचा जुना पटका आणि थोरलीचा शाळेचा फ्रॉक मिसळला. किनारीला लुगड्यांचे काठ जोडून घेतले.

खालचा थर म्हणजे अस्तर. ते चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवायचे. साडेआठ फुटांचे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की अस्तर होते. नऊवारी लुगडे सत्तावीस फूट भरते, त्यात सतरा फूट धड निघाले की काम झाले. आत दोन थर विरलेल्या लुगड्यांचे. एकूण चार थर. याहून जास्त घालायचा मोह होतो, पण मग सुई आरपार जात नाही आणि ओली वाकळ दोघींनाही पिळता येत नाही.

आमचे कुठे चुकले

पहिल्या दिवशी आम्ही शहाणपणा केला. पुठ्ठ्याचा त्रिकोणी साचा केला आणि भराभर त्रिकोण कापले. जोडायला घेतल्यावर एक ओळ दुसरीपेक्षा तीन इंच लांब! आडव्या-उभ्या धाग्यावर कापलेली कड ताणत नाही, तिरकी कापलेली कड रबरासारखी ताणते. त्रिकोणाची एक बाजू तिरकी असणारच.

काकींनी ते हाताने चाचपले आणि म्हणाल्या, "आरं, तिरकं आधी कापायचंच न्हाई. आधी शिवायचं, मग कापायचं."

युक्ती अशी. गडद आणि फिका असे दोन सात इंची चौकोन समोरासमोर ठेवा. कोपऱ्यातून कोपऱ्यात खडूने रेघ मारा. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवण घाला. मग रेघेवर कापा. उलगडले की अर्धा गडद आणि अर्धा फिका असे दोन चौकोन तयार. ८४ जोड्यांतून बरोबर १६८. आता प्रत्येक तुकडा साडेसहा इंचाला छाटून घ्या. पाव-पाव इंच शिवणीत गेले की सहा इंच उरतो.

शिवण पाव इंचच ठेवा. एका जोडाला एक सूत चुकले तर काय होते असे वाटेल. पण एका आडव्या ओळीत बारा तुकडे आहेत. बारा सूत म्हणजे दीड इंच! शेताच्या मोजणीत साखळी जराशी सरकली तर बांध कुठल्या कुठे जातो हे तुम्हाला सांगायला नको.

चार तुकड्यांचे एक भिरभिरे, सहा भिरभिऱ्यांची एक ओळ, आणि सात ओळी एकाखाली एक. प्रत्येक ओळीच्या मागे खडूने नंबर टाका. शेवटी किनार. हे काम शिलाई मशीनवर चालते. काकींचीही त्याला हरकत नव्हती. पुढचे काम मात्र हातानेच.

थर अंथरणे

याला दहा फूट बाय नऊ फुटांची सपाट जमीन लागते, आणि आताच्या घरांत नेमकी तीच नसते. आम्ही देवळाच्या सभामंडपात अंथरले. अस्तर उलटे पसरून कडेला पाटा, वरवंटा, दगड असे वजन ठेवायचे. त्यावर आतले दोन थर आणि सगळ्यात वर भिरभिऱ्यांचा. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेला सारवल्यासारखा सपाट करायचा. चुणी राहिली तर ती जन्मभर राहते.

मग कच्चे टाके. मधोमध सुरुवात करून आधी अधिकचे चिन्ह, नंतर फुलीचे, आणि पुढे वीतभर अंतराने लांब-लांब टाके. हे काम कंटाळवाणे म्हणून पुष्कळजणी टाळतात. मग कडेकडून शिवत आत आले की मध्ये कापडाचा फुगा येतो. कच्चे टाके मधून बाहेर, पक्का दोरा बाहेरून आत, हे ध्यानात ठेवा.

धावदोरा

जाड सुती दोरा, मेणावरून ओढलेला. लांबी हातभरच घ्या, जास्त घेतला की गुंततो. बोटात अंगुस्तान घाला, नसेल तर चिंधी गुंडाळा. कडेपासून सुरुवात करून गोल-गोल फिरत मध्यापर्यंत जायचे. दोन ओळींत अर्धा इंच अंतर. काकींच्या दोन ओळींत बोटाचे पेर आडवे बसे, त्यांना फुटपट्टी लागलीच नाही. दोऱ्याला गाठ मारून ती वर ठेवू नका, टोक आतल्या थरात दडवा. गाठ अंगाला टोचते आणि आधी तीच सुटते.

दोरा ओवण्याचा प्रश्न शेजारच्या मुलींनी सोडवला. सकाळी येऊन त्या वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. दुपारी चार बाजूंना चौघी बसायच्या. पहिल्या दोन दिवसांत मुलींचे टाके कोंबडी चालल्यासारखे पडले. काकींनी ते उसवू दिले नाहीत. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मोठ्या झाल्यावर बघतील की आपून कुठनं सुरुवात केली."

पाचव्या दुपारी दोरा मध्यावर आला. काकींनी तिथे हळदकुंकू लावले आणि शेवटचा टाका घातला. मग अस्तराची जास्त ठेवलेली कड वर दुमडून चारी बाजूंनी गोट शिवला. मृगाच्या आधी वाकळ घडी घालून ठेवली.

आता मजुरी मोजू

हा भाग बचत गटाच्या भगिनींनी आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी जरा नीट वाचावा.

सात फुटांत अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी म्हणजे १६८ ओळी. प्रत्येक आठ फूट. एकूण दोरा १,३४४ फूट, म्हणजे चारशे मीटरच्या वर. खालीवर जाण्यात थोडा खर्च होतो, म्हणून पाचशे मीटर आणावा. एका इंचात दोन टाके धरले तर टाके होतात बत्तीस हजारांच्या वर. मिनिटाला दहा टाके या चालीने ५४ तास.

कापड पारखणे, कापणे, तुकडे जोडणे, अंथरणे, कच्चे टाके आणि गोट यांना आमचे ३० तास गेले. एकूण ८४ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेदहा दिवस.

रोजगार हमी योजनेचा आपल्या राज्यातला २०२४-२५ सालचा दर रोज २९७ रुपये होता. त्या दराने नुसती मजुरी होते ३,११८ रुपये. कापड फुकट धरले, दोरा, मेण आणि मशीनची झीज सोडून दिली, तरी एवढी. आणि हा दर खड्डा खणण्याचा आहे, कसबाचा नाही.

आता सांगा, शहरातले गिऱ्हाईक जेव्हा म्हणते, "जुन्याच साड्यांची ना, मग एवढे पैसे कशाचे?" तेव्हा आपली बाई गप्प का बसते? तिने कधी तास मोजलेले नसतात म्हणून. घरकाम उरकून दुपारी केले ते काम मोजायचे नसते, असे आपणच तिला शिकवले आहे. मी स्वतः नऊ लुगडी एका पातेल्याला द्यायला निघालो होतो, तेव्हा दुसऱ्याला काय नावे ठेवू?

एवढे कराच

विकायला करणार असाल तर प्रत्येक वाकळीला एक वही ठेवा. कोणी किती तास काम केले ते रोज लिहा. किंमत त्या वहीतून काढा आणि गिऱ्हाईकाला ती वही दाखवा. गटात काम वाटून घ्या. एकीने कापायचे, दोघींनी मशीनवर जोडायचे, चौघींनी दोरा घालायचा. वाटणी तासांप्रमाणे करा, म्हणजे भांडण नाही. पहिल्या वेळी एवढी मोठी वाकळ धरू नका. चार भिरभिऱ्यांचे दुपटे करा, हात बसला की मोठीकडे वळा.

२०११ पासून आपल्या राज्यात 'उमेद' अभियान गटांसाठी काम करते आहे. गटांच्या मालासाठी मुंबईत 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शन भरत आले आहे. तिथपर्यंत जायचे तर माल एकसारखा आणि धुऊन रंग न जाणारा हवा. म्हणून वरची पारख सोडू नका.

सरपंच आणि सदस्य मंडळींनी फार काही करायला नको. उन्हाळ्यात शाळेचा एक वर्ग किंवा समाजमंदिर दुपारचे तीन तास उघडून द्या. जागा मिळाली की निम्मे काम झाले. अंगणवाडीताईंना गावातल्या कोणत्या आजीच्या हाताला वाकळ आहे ते बरोबर माहीत असते. त्या आज्यांना मानाने बोलवा. त्यांनी शिवायलाच हवे असे नाही, शेजारी बसून चूक दाखवली तरी पुरे. आमच्या काकींनी स्वतः किती टाके घातले? फार नाही. पण त्या नसत्या तर आमच्या ओळी आजही तीन इंचांनी वाकड्या असत्या.

पावसाळ्यात वाकळ वलणीवर टाका, जमिनीला लावू नका. बांधून ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी धुवा आणि दोघांनी मिळून पिळा.

आमच्या घरी या थंडीत ती वाकळ धाकटा ओढून घेतो. हिरवे भिरभिरे आजीचे, पांढरे आजोबांचे, हे त्याला पाठ झाले आहे. भांडीवाली परवा पुन्हा येऊन गेली. आमच्या मंडळींनी तिला चहा दिला आणि टेरिकॉटचे जुने कपडे देऊन एक डबा घेतला. सुती कापड मात्र ट्रंकेत परत गेले. तुमच्याही ट्रंकेत एकदा बघून घ्या.